गुडघा सरळ केला आणि आकडा उतरला

रुग्ण ५२ वर्षांचे, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले, ऊसतोडणीला जाणारे. शस्त्रक्रिया लातूरला झाली, भूल मी दिली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत नवी शीर जोडून झाली, रक्त सुरू झालं, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, टाके घालायला घेतले आणि पुढच्या नऊ मिनिटांत तोच पाय पुन्हा उपाशी पडायला लागला. हे टेबलावरच कळलं, पायावर चिकटवलेल्या आणि स्नायूतला प्राणवायू दाखवणाऱ्या सेन्सरच्या आकड्यावरून. कसं कळलं, कळूनही मी किती वेळ गप्प बसले आणि त्याच रात्री तोच आकडा आमच्याशी कसा खोटं बोलला, हे भूलशास्त्र शिकणाऱ्यांनी आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पाय कसा इथवर आला

वॉर्डात सगळे त्यांना मामा म्हणत. पंचवीसेक वर्षं ते बायकोबरोबर कोयत्यावर जात होते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या तळावर खोपी टाकायची आणि हंगाम संपला की गावी परतायचं. बिडी विशीपासूनची. दोन हंगामांपूर्वी उजव्या पोटरीत गोळा यायला लागला. डोक्यावर मोळी घेऊन फडातून ट्रॅक्टरपर्यंत जाताना ते मध्येच थांबत, दोन मिनिटं उभे राहत आणि पुन्हा चालायला लागत. बरोबरचे म्हणाले, वात आहे. तेल झालं, पट्टा झाला, दुखण्याच्या गोळ्या झाल्या.

चाललं की दुखणं येतं आणि नुसतं उभं राहिलं की दोन मिनिटांत जातं, ही वाताची खूण नाही. ही रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, अरुंद झाल्याची खूण आहे, आणि ती ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही, दोन प्रश्न पुरतात. हे दोन प्रश्न त्यांना दोन वर्षांत कोणीच विचारले नाहीत. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

आमच्याकडे आले तेव्हा तीन आठवडे झोप नव्हती. "बाई, राती पाय बाजंखाली सोडल्याबिगर डोळा लागंना. वर घेतला की ठणकाय लागतोय." इतकं अचूक वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडत नाही. पाय खाली सोडला की उतारावरून थोडं रक्त पोचतं, वर घेतला की तेवढंही पोचत नाही. लटकवलेला पाय तांबूस दिसायचा, उचलला की अर्ध्या मिनिटात कणकेसारखा पांढरा. अंगठ्याच्या टोकाला तुरीच्या डाळीएवढा काळा ठिपका होता.

जांघेतली नाडी चांगली लागत होती, गुडघ्यामागची अजिबात नाही. एबीआय, म्हणजे घोट्यातल्या रक्तदाबाला दंडातल्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा, उजवीकडे ०.३६ आणि डावीकडे ०.६८ होता. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. सीटी अँजिओग्राफीत मांडीतली मुख्य रोहिणी सुरुवातीच्या जरा खालून गुडघ्याच्या वरपर्यंत बंद दिसली. गुडघ्याखाली ती पुन्हा उघडी होती. बेत ठरला: त्याच पायातली लांब शीर काढायची, तिच्यातल्या झडपा रक्ताला अडवू नयेत म्हणून ती उलटी करायची, वरचं टोक जांघेत आणि खालचं गुडघ्याखाली जोडायचं.

कमरेतली भूल का नाही

पायाच्या शस्त्रक्रियेला कमरेत इंजेक्शन, हे आमच्याकडे रुग्णांनाही ठाऊक असतं. मामांची फुप्फुसं बिडीने खराब झालेली, त्यामुळे मलाही तेच आवडलं असतं. पण क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी आदल्या दिवसापर्यंत चालू होती. कमरेत सुई घालण्याआधी ती ५ ते ७ दिवस बंद असावी लागते, नाहीतर मणक्यात रक्त साकळून दोन्ही पाय जाण्याचा धोका. त्यात शस्त्रक्रियेच्या मध्यावर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन द्यायचंच होतं. अंगठा आठवडाभर थांबायला तयार नव्हता. पूर्ण भूल ठरली. हिमोग्लोबिन १०.४, मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.२, इकोवर हृदयाची ताकद ५० टक्के, वजन ५४ किलो.

भूल कुठलीही द्या, एक गोष्ट हातची जाते. पाय दुखतोय, बधिर होतोय, गार पडतोय हे सांगणारा माणूसच झोपलेला असतो. पावलावर हिरवी चादर असते. सर्जनचं लक्ष जखमेत, माझं डोक्याकडच्या मॉनिटरवर. ज्या अवयवासाठी एवढा खटाटोप चालला आहे, त्याच्याबद्दल त्या दोन-तीन तासांत मॉनिटर काहीच सांगत नाही. रक्तदाब हृदयाचा, ईसीजी हृदयाचा, कार्बन डायऑक्साइड फुप्फुसाचा आणि पल्स ऑक्सिमीटर बोटाचा.

मग पायाच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावला तर? लावावाच, पण तो काय सांगतो ते नीट समजून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी या उपकरणामागची कल्पना मांडली. ती नाडीच्या ठोक्यावर उभी आहे. प्रकाशातला जेवढा भाग ठोक्याबरोबर हलतो तेवढाच हे उपकरण मोजतं आणि त्यावरून रोहिणीतलं रक्त किती लाल आहे ते सांगतं. रक्त किती पोचतंय, हे ते सांगत नाही. टँकरमधलं पाणी शुद्ध आहे एवढंच कळावं आणि गावात दिवसाला किती टँकर येतात ते कळूच नये, तसं. शिवाय ठोका फारच क्षीण झाला की आकडाच येत नाही. मामांच्या उजव्या अंगठ्यावर तो सुरुवातीला आला नाहीच.

इथे नीअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी कामी येते. बोलताना आम्ही निर्स म्हणतो. लहानपणी अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं आतून लाल दिसायची, आठवतं? लाल प्रकाश मांसातून पार होतो. त्याच्या जरा पलीकडचा, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश आणखी खोल जातो. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं की कवटीच्या आतही हे बाहेरून पाहता येतं. म्हणून ही यंत्रं आली ती मेंदूसाठी, हृदयाच्या शस्त्रक्रियांमधून. तेच चिकट सेन्सर पोटरीवर लावले की खालच्या स्नायूचं कळतं.

याला ठोका लागत नाही. प्रकाशाच्या वाटेत जेवढं रक्त आहे, रोहिणीतलं, केशवाहिन्यांतलं, नीलेतलं, त्या सगळ्यातल्या प्राणवायूची सरासरी टक्क्यांत मिळते, आणि त्यात मोठा वाटा नीलेचा, साधारण तीन चतुर्थांश. म्हणजे स्नायूने आपला घास खाल्ल्यावर ताटात किती उरलं, ते आपण पाहतो. पुरवठा घटला की स्नायू आलेल्यातलं जास्त ओढून घेतो, उरतं कमी आणि आकडा उतरतो.

सेन्सर लावणं

यात घाई केली की पुढचे सगळे आकडे वाया. आमच्या विभागातल्या यंत्राला दोनच सेन्सर जोडता येतात, सेन्सर एकदाच वापरायचे आणि महाग. शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होती, कुटुंबाकडून एक पैसाही मागायचा नव्हता. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्यांतले दोन सेन्सर विभागप्रमुखांकडे मागून घेतले.

पहिला उजव्या पायावर, हे उघड आहे. दुसरा कुठे? कपाळावर लावला असता तर मेंदूचंही कळलं असतं. मी तो डाव्या पायावर बरोबर त्याच जागी लावला. एकट्या पायाचा आकडा वाचता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो उतरला तर पायाचं बिघडलं की अख्ख्या शरीराचं, हे ठरवायला शेजारी साक्षीदार हवा. डावा पायही निरोगी नव्हता, ०.६८ वालाच होता. पण त्या दिवशी त्याला कोणी हात लावणार नव्हतं, साक्षीला तेवढं पुरे.

जागा नडगीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या चार बोटं खाली. आतल्या बाजूला शीर काढायची होती आणि खालचा जोडही तिथेच होता. केस कातरले, स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं केलं. सेन्सर दाबून बसवला, त्यावर काळ्या कागदाचा तुकडा आणि मग पारदर्शक निर्जंतुक चिकटपट्टी, कडा नीट बंद. काळा कागद का, तर डोक्यावरच्या मोठ्या दिव्याचा प्रकाश सेन्सरच्या डोळ्यात जाऊ नये. कडा बंद का, तर पाय सगळीकडून बेटाडीनने रंगवतात आणि ते तपकिरी पाणी सेन्सरखाली गेलं की प्रकाश तेच शोषून घेतं. हे काम आमच्या ओटीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या तंत्रज्ञ दादांनी केलं, आणि पंक्चरला पॅच लावावा इतकं मन लावून केलं. सुरुवातीला सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, "मॅडम, माझ्या फील्डमध्ये काय काय चिकटवताय?" असं विचारलं होतं. दादांनी चिकटपट्टीच्या चारही कडांवर बोट फिरवून दाखवलं, तेव्हा ते तयार झाले.

मामा जागे, साध्या हवेवर: उजवा ४८, डावा ६६. हे आकडे लिहून ठेवले, पण मापदंड म्हणून वापरले नाहीत. भूल दिल्यावर आणि स्नायू सैल पडल्यावर स्नायूची भूक घटते, वरून आपण जादा प्राणवायू देतो. आकडा थोडा चढतो. म्हणून खरी तुलनेची रेघ भूल स्थिरावल्यावर आखायची.

टेबलावर

रोहिणीतली नळी जागेपणीच डाव्या मनगटात घातली. वेदनेसाठी फेंटानिल १०० मायक्रोग्रॅम, झोपेसाठी प्रोपोफोल थोडं थोडं करून ७० मिलिग्रॅम, स्नायू सैल करायला व्हेक्युरोनियम, श्वासनलिकेत नळी. इतकं सावकाश देऊनही सरासरी रक्तदाब ९६ वरून ६० वर आला, आणि त्याच्या मागोमाग उजवा ४२, डावा ५८.

दोन्ही पाय एकदम उतरले. हा धडा दिवसातला पहिला आणि सोपा: दोन्ही उतरले की पायाकडे पाहू नका, शरीराकडे पाहा. रक्तदाब, हृदयाने फेकलेलं रक्त, हिमोग्लोबिन, बोटावरचा प्राणवायू, यांतलं काहीतरी. इथे रक्तदाब समोरच दिसत होता. सलाइन आणि रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनचा अगदी हलका ठिबक सुरू केला, दाब ८० झाला, आणि ९ वाजून २० मिनिटांनी उजवा ५१, डावा ६९ वर स्थिर झाले. ही आमची रेघ. नॉरअॅड्रेनालिनने पायाच्या वाहिन्या आवळल्या जातील, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. बेताच्या मात्रेत काय होतं ते त्या दिवशी दोन्ही पायांनी दाखवलं: दाब वाढल्याचा फायदा आवळण्याच्या तोट्यापेक्षा मोठा होता.

शीर काढून, तपासून, उलटी करून झाली. १०:४८ ला हेपॅरिन ५,००० युनिट, १०:५३ ला जांघेत क्लॅम्प, म्हणजे रोहिणी बंद करणारा चिमटा. उजवा पाच मिनिटांत ३३ आणि मग २९ वर टेकला. डावा जागचा हलला नाही. एक उतरला, दुसरा स्थिर: हे पायाचं. इथे कारण आम्हीच केलेलं होतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण यंत्र खरं बोलतंय याची खात्री पटली. अनेक वर्षांत तयार झालेल्या आडवाटांनी नितंबाकडून थोडं रक्त येत राहतं, म्हणून तो २९ वर थांबला.

११:२६ ला वरचा जोड झाला. क्लॅम्प काढून नव्या शिरेवर सरकवला, मांडीतल्या खोल रोहिणीत रक्त परत गेलं, आकडा ४४. खालचा जोड बारीक, सरांना वेळ लागला. १२:०९ ला सगळं उघडलं. तीन मिनिटांत उजवा ७३. त्याच तीन मिनिटांत रक्तदाब ८२ वरून ६६, श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३४ वरून ४१ आणि डावा ६९ वरून ६२. उपाशी पायाच्या वाहिन्या सताड उघड्या असतात, त्या रक्त ओढून घेतात आणि आत साठलेलं आम्ल बाहेर सोडतात. एक पाय वर, दुसरा खाली, असं चित्र फक्त याच क्षणी दिसतं. ठिबक वाढवला, सलाइन दिलं, पोटॅशियम पाहिलं, ४.६. पंधरा मिनिटांत सावरलं: उजवा ६७, डावा ६९. अंगठ्यावरच्या पल्स ऑक्सिमीटरने सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं: ९८. ओटीत कोणीतरी "वा!" म्हणालं.

त्यानंतरची नऊ मिनिटं

१२:३१ ला टाके घालायला सुरुवात झाली. पाय इतका वेळ गुडघ्यात वाकवून, बाहेरच्या बाजूला कलता ठेवलेला होता, गुडघ्याखाली कापडाची गुंडाळी. टाक्यांना सोयीचं जावं म्हणून सिस्टरनी गुंडाळी काढली आणि पाय सरळ केला. माझ्या ट्रेमध्ये प्रोटामाइनची सिरिंज भरलेली होती. हेपॅरिनचा परिणाम उलटवायचा हे ठरलेलं, फक्त सरांच्या मानेची वाट होती.

१२:३४ ला उजवा ६३. १२:३६ ला ५७. १२:३८ ला ५०.

६३ दिसला तेव्हा मला वाटलं, नव्याची नवलाई ओसरतेय. उघडल्यावर चढलेला आकडा थोडा खाली येतोच. ५७ दिसला तेव्हा मी रक्तदाब पाहिला, ८४. डावा पाहिला, ६८. व्हेंटिलेटर पाहिला, रक्ताचा नमुना पाठवला. सेन्सर निघाला असेल का, हाही विचार आला, पण चादरीखाली हात घालणं शक्य नव्हतं. खरं तर ५७ लाच उत्तर समोर होतं. डावा स्थिर, दाब चांगला, एकटा उजवा उतरतोय. तरी मी बोलले नाही. सरांनी तीन तास मान मोडून काम केलेलं, जांघेचे टाके अर्ध्यावर आलेले, आणि एका चिकटपट्टीच्या भरवशावर त्यांना थांबा म्हणायचं, याचं दडपण आलं. ती चार मिनिटं माझ्या पदरात आहेत आणि मी ती कोणावर ढकलत नाही.

५० ला मी म्हणाले, "सर, टाके थांबवा. पाय उतरतोय. डावा जागेवर आहे."

सरांनी जांघेतल्या जोडाजवळ शिरेवर बोट ठेवलं. "धडधड तर चांगली लागतेय, मॅडम." ती लागत होतीच. आणि हाच सापळा आहे. पुढे वाट बंद झाली तरी अडलेल्या ठिकाणापर्यंत शीर उडत राहते, उलट भिंतीवर आपटावी तशी अधिकच जोरात उडते. वरची धडधड म्हणजे खालचा प्रवाह नव्हे. अंगठ्यावरचा पल्स ऑक्सिमीटर अजूनही ९८ दाखवत होता, फक्त त्याची लाट ठेंगणी झाली होती. आकड्याकडे पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती. घोट्यावर हातातला डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, धरला. मघाचा भरदार सपसप आवाज जाऊन नळ बारीक केल्यासारखी नुसती सुरसुर उरली होती. एव्हाना ४५.

सरांनीच विचारलं, "पाय कधी सरळ केला?" सिस्टर म्हणाल्या, "आत्ताच, टाके घ्यायच्या वेळी."

गुंडाळी परत गुडघ्याखाली गेली. दोन मिनिटांत ५८. पुन्हा सरळ केला, आकडा पुन्हा घसरायला लागला. पुन्हा वाकवला, पुन्हा चढला. डॉप्लरचा आवाज बरोबरीने भरत आणि विरत होता. एवढ्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही. सरांनी खालची जखम उघडली. शीर नेण्यासाठी स्नायूंमधून केलेला बोगदा पोटरीच्या आतल्या स्नायूच्या दोन भागांमधून जाण्याऐवजी त्याच्या आतल्या भागातल्या तंतूंमधून गेला होता. गुडघा वाकलेला असताना ते तंतू सैल, शीर मोकळी. गुडघा सरळ झाला की तेच तंतू दोरीसारखे ताणून शिरेला आवळत होते. बोगदा डोळ्यांनी दिसत नाही, तो बोटाने आणि आडाख्याने करावा लागतो. अनुभवी हातांकडूनही हे होतं.

प्रोटामाइन दिलेलं नव्हतं, हे नशीब. रक्त मंद वाहतंय आणि त्यात गोठण्याची ताकद परत दिली असती, तर शिरेत गुठळी धरायला फार वेळ लागला नसता. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी केली, २४८ सेकंद. हेपॅरिन आणखी २,००० युनिट दिलं. सरांनी तंतू कापून बोगदा मोकळा केला, शिरेत गुठळी नाही हे पाहिलं. १:२२ ला पाय पूर्ण सरळ ठेवून उजवा ६६, डावा ६८. त्यानंतरच टाके. प्रोटामाइन दिलंच नाही. टेबलावरच नळी काढली. मामांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "पाय हाय का?"

बीड-परभणी-हिंगोलीकडच्या अनेक ओटींत निर्स नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी या प्रकरणातली खरी उचलण्याजोगी गोष्ट यंत्राशिवायही करता येते. गुडघा ओलांडणारी शीर जोडली असेल, तर पहिल्या टाक्याआधी पाय पूर्ण सरळ करा, घोट्यावर डॉप्लर धरा, मग वाकवा, मग पुन्हा सरळ करा, आणि तिन्ही वेळा आवाज ऐका. दोन्ही अंगठ्यांवर पल्स ऑक्सिमीटर लावून लाटांची उंची शेजारी शेजारी पाहा, टक्क्यांकडे नव्हे. प्रोटामाइन द्यायचं असेल तर हे सगळं झाल्यावर. आमच्या ओटीत आता हा क्रम भिंतीवर लिहिलेला आहे आणि सिस्टर तो झाल्याशिवाय सुईधारक हातात देत नाहीत.

रात्रीचा फोन

दोन्ही सेन्सर मी आयसीयूत तसेच ठेवले होते. बंद पडलेली शीर पहिल्या रात्री लवकर कळली तर वाचवता येते, आणि रक्त परत आल्यावर पोटरी सुजून स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढला तर तोही नडगीच्या बाहेरच्या अंगालाच आधी त्रास देतो. जागा योगायोगाने दोन्हींसाठी बरोबर होती.

रात्री दोनला निवासी डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, उजवा ३८ झालाय. डावा ६५. ओटी तयार करायला सांगू का?" तिने दुपारचं सगळं पाहिलं होतं, एक उतरला आणि दुसरा स्थिर हे सूत्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी विचारलं, "पाय कसा आहे?" ती फोन धरूनच गेली. पाऊल ऊबदार. घोट्यावरचा डॉप्लर दुपारसारखाच भरदार. पोटरी मऊ, बोटं हलवायला सांगितली तर मामा हलवतात, वर ओढली तरी कळ येत नाही. मग तिने पट्टीकडे पाहिलं. घामाने सेन्सरची एक कड सुटली होती आणि पट्टी बदलताना काळा कागद निघून गेला होता. कोरडं करून पुन्हा चिकटवल्यावर ६५.

दुपारी आकड्याने पाय वाचवला आणि रात्री त्याच आकड्याने एका झोपलेल्या माणसाला विनाकारण ओटीत नेलं असतं. मला दुपारपेक्षा रात्रीची गोष्ट विद्यार्थ्यांना जास्त सांगावीशी वाटते. सेन्सरखाली चरबीचा जाड थर असला, सूज आली, रक्त साकळलं, तरी आकडा भरकटतो, कारण प्रकाश सेन्सरखाली दोनेक सेंटिमीटरच खोल जातो. दोन माणसांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एवढ्याखाली गेला की धोका, अशी पायासाठी सर्वमान्य रेघ नाही. त्या माणसाचा तो पाय, त्याचीच सकाळची रेघ आणि त्याचाच दुसरा पाय, एवढ्यांतच हा आकडा बोलतो. दुपारी चादरीखाली हात घालता येत नव्हता म्हणून आकड्याचं महत्त्व होतं. रात्री पाय समोर उघडा होता.

घरी जाताना

काळा ठिपका सुकला, अंगठा राहिला. उजव्या पायाचा एबीआय ०.९१ झाला. चौथ्या रात्रीपासून मामा पाय बाजेवर घेऊन झोपायला लागले. त्यांच्या बायकोने ते मला मुद्दाम येऊन सांगितलं. "बाई, आता दोन्ही पाय वर," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांना आकड्यांचा कागद दाखवला. लिहायची परवानगी त्याच वेळी मागितली. उजव्याचा सगळा चढउतार त्यांनी बोट फिरवत पाहिला. मग डाव्याच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ह्यो सरळच हाय म्हणजे चांगला हाय नव्हं?"

मी म्हणाले, "नाही मामा. तो साक्षीदार म्हणून बसवला होता. तोही आजारीच आहे, ०.६८. अजून दुखत नाही एवढंच. बिडी चालू राहिली तर त्याचीही पाळी येईल."

त्यांनी शर्टाच्या खिशाला हात लावला. खिसा रिकामा होता, बंडल बायकोने पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. तीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा लातूरच्या बसस्टँडपासून आमच्या ओपीडीपर्यंत चालत आले होते, वाटेत एकदाही न थांबता. त्या दिवशी आम्ही आधी डाव्या पायाचा एबीआय मोजला. ०.७० आला.